नवी केस, जुना बाँड

(सीमाभागातल्या तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच बरंचसं ठेवलं आहे.)



मागच्या बैठकीत ठरलं होतं की मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी म्हणून राज्यघटनेवर बोलावं. मी हो म्हटलं होतं. पण टिपणं काढायला बसलो तेव्हा गेल्या वर्षीचा एक फोन डोक्यातून जाईना. म्हणून विषय बदलला. रागावू नका. विषय कायद्याचाच आहे, फक्त तो आपल्या गल्लीतला आहे.

गणपती विसर्जन होऊन चार दिवस झाले होते. रात्री साडेदहाला ओळखीच्या एका मुलाचा फोन आला. त्याचं नाव-गाव सांगणार नाही, आपल्याला त्याची गरजही नाही.

"काय करूलालास?"

"अभ्यास करूलालोय. बोल की."

"परत केस घातल्यात गा माझ्यावर."

त्याच्या त्या "परत" शब्दात सगळं आलं होतं. पहिली केस मला माहीत होती. क्रिकेटच्या मैदानावर भांडण झालं, याने बॅट मारली, समोरच्याचा हात मोडला. तेव्हा हा वीस वर्षांचा. कोर्टाने त्याला दोषी धरलं, पण तुरुंगात पाठवलं नाही. समोरच्याच्या दवाखान्याचा खर्च भरायला लावला आणि दोन वर्षांच्या बाँडवर सोडलं. काका जामीनदार राहिले. महिन्यातून एकदा प्रोबेशन अधिकाऱ्यांकडे जायचं, कामधंदा सोडायचा नाही, दारूपासून लांब राहायचं. तो एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागला. चौदा महिने सगळं सरळ चाललं. मग विसर्जनाच्या मिरवणुकीत दोन मंडळांत धक्काबुक्की झाली. एफआयआरमध्ये अकरा नावं, आणि सातवं नाव याचं.

त्याने मला विचारलं ते असं : "कोर्टातली माहिती असलेला एकजण म्हणालाय, किरकोळ कलम आहे, गुन्हा कबूल कर, दंड भर, मोकळा हो. तारखांना कोण फिरत बसतंय? काकापण तेच म्हणाले. भरून टाकू काय?"

मी दोन वर्षं राज्यशास्त्र शिकत होतो. न्यायमंडळाची स्वायत्तता या विषयावर दहा पानं लिहिली असती. पण या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. "उद्या सकाळपर्यंत कशावर सही करू नको," एवढंच म्हणालो. मग कायदा शोधला, वाचला, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एका जाणत्या वकिलांकडे गेलो. तिथं जे समजलं तेच आज सांगतोय. मी वकील नाही. पण वकिलाला नेमकं काय विचारायचं हे तरी आपल्याला यायला पाहिजे.

आधी एक गोंधळ दूर करू. आपल्याकडे "बाँड दिलाय" म्हणताना तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते.

पहिला बाँड जामिनाचा. केस चालू आहे, निकाल लागलेला नाही, तारखेला हजर राहीन एवढंच तुम्ही लिहून देता. इथं तुम्ही फक्त आरोपी असता.

दुसरा शांतता राखण्याचा. सणाच्या, निवडणुकीच्या किंवा एखाद्या आंदोलनाच्या तोंडावर पोलीस पोरांना बोलावतात आणि कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे उभं करतात. पूर्वी याला सीआरपीसीचं १०७ कलम म्हणायचे. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, आता ते कलम १२६ आहे. हा बाँड जास्तीत जास्त एक वर्षाचा. तो घेतला म्हणजे तुम्ही गुन्हेगार ठरलात असं नाही.

तिसरा बाँड प्रोबेशनचा, आणि आजचा विषय हाच. इथं केसचा निकाल लागलेला असतो. कोर्टाने तुम्हाला दोषी धरलेलं असतं. फक्त शिक्षा सुनावलेली नसते. कोर्ट म्हणतं, तू चांगला वागलास तर शिक्षेची गरज नाही, पण बोलावलं तर हजर हो आणि शिक्षा घे. मराठीत याला परिवीक्षा म्हणतात. शब्द जड आहे, म्हणून आपण प्रोबेशनच म्हणू.

हा फरक लक्षात ठेवा, कारण आपला मुलगा हाच फरक विसरला होता. तो म्हणायचा, "ती केस संपली." ती संपलेली नव्हती.

यासाठीचा मुख्य कायदा १९५८ चा, प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्ट. अवघी एकोणीस कलमं. एका बैठकीत वाचून होतो. दंड संहिता बदलली, सीआरपीसी बदलली, हा कायदा मात्र तसाच आहे. केंद्राचा कायदा असल्यामुळे बेळगावात, कोल्हापुरात, गोव्यात कलमं तीच.

त्यातल्या चारपाच कलमांची ओळख करून घेऊ.

कलम ३ म्हणजे समज देऊन सोडणं. लहानसहान चोरी, फसवणूक किंवा दोन वर्षांपर्यंत शिक्षा असलेले गुन्हे, आणि आधी कधी दोषी ठरलेला नसेल तर.

कलम ४ म्हणजे बाँडवर सोडणं. फाशी किंवा जन्मठेप ज्याला होऊ शकते असे गुन्हे सोडून बाकीच्यांत हे करता येतं. गुन्ह्याचं स्वरूप, माणसाचा स्वभाव, परिस्थिती बघून कोर्ट ठरवतं. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. शांतता राखायची आणि वर्तणूक चांगली ठेवायची, ही अट प्रत्येक बाँडमध्ये असते. त्याशिवाय प्रोबेशन अधिकाऱ्यांची देखरेख लावता येते, आणि ती लावली तर किमान एक वर्षाची.

कलम ५ नुकसानभरपाईचं. दवाखान्याचा खर्च आला तो यातून.

कलम ६ आपल्या वयाच्या लोकांसाठी आहे. २१ वर्षांखालच्या मुलामुलीला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, कोर्टाने सहजासहजी तुरुंगात पाठवायचं नाही. पाठवायचंच असेल तर आधी प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा, आणि दुसरा मार्ग का योग्य नाही याची कारणं लिहायची. कोवळ्या वयातला मुलगा सराईत गुन्हेगारांच्या बराकीत गेला तर काय शिकून बाहेर येईल, हा त्यामागचा विचार. १९६४ साली रतनलाल विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे सोळा वर्षांच्या मुलाचं प्रकरण होतं. खालच्या कोर्टाने शिक्षा दिली तेव्हा त्या भागात हा कायदा लागूही झालेला नव्हता. तरी बहुमताच्या निकालाने त्याचा फायदा त्या मुलाला मिळण्याची वाट मोकळी झाली. सुधारायला संधी देणारा कायदा हात आखडून वापरायचा नाही, हा त्याचा सूर.

हे झालं कायद्याने काय दिलं ते. आता फोनवरच्या प्रश्नाकडे. बाँड चालू असताना नवी केस पडली तर काय होतं?

पहिली गोष्ट : नुसती एफआयआर झाली म्हणून बाँड आपोआप मोडत नाही. एफआयआर म्हणजे कुणीतरी केलेली तक्रार. त्यात अकरा नावं असली म्हणजे अकराही जणांनी मारलं असं होत नाही. त्यामुळे "आता मी आत जाणार" म्हणून घरात रडारड करण्याचं कारण नाही.

दुसरी गोष्ट मात्र तितकीच खरी : नवी केस पडली की जुन्या फाईलवरची धूळ झटकली जाते. कलम ९ म्हणतं, प्रोबेशन अधिकाऱ्याच्या अहवालावरून किंवा इतर कुठूनही कोर्टाला असं वाटायला कारण मिळालं की बाँडची अट मोडली आहे, तर ते वॉरंट काढू शकतं, किंवा तुम्हाला आणि जामीनदाराला समन्स पाठवू शकतं. "इतर कुठूनही" यात पोलीस आले, जुना तक्रारदार आला. हजर झाल्यावर त्या चौकशीपुरतं कोर्ट तुम्हाला कोठडीत ठेवू शकतं किंवा जामीन देऊ शकतं.

मग सुनावणी होते. हे महत्त्वाचं आहे. तुमचं म्हणणं न ऐकता कोर्ट थेट शिक्षा देऊ शकत नाही. सुनावणीनंतर अट मोडल्याची खात्री पटली तर कोर्टापुढे दोन वाटा आहेत. एक, जुन्या गुन्ह्याची शिक्षा तिथल्या तिथं सुनावणं. दुसरी, चूक पहिल्यांदाच झाली असेल तर बाँड चालू ठेवून ५० रुपयांपर्यंत दंड. हो, पन्नासच. १९५८ सालचे पन्नास रुपये कायद्यात आजही पन्नासच आहेत. हसू नका, कारण ते वेळेत भरले नाहीत तर कोर्ट जुन्या गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं.

या दोन वाटांमधलं अंतर बघा. एकीकडे पन्नास रुपये, दुसरीकडे हात मोडल्याच्या गुन्ह्याची शिक्षा. कुठल्या वाटेने जायचं हे कोर्टाच्या मनावर आहे. आणि कोर्टाचं मन कशावरून बनतं? चौदा महिने तुम्ही कसे वागलात, अधिकाऱ्याकडे वेळेवर गेलात का, नवी केस लपवली की स्वतः सांगितली, यावरून.

इथं कुणीतरी हमखास विचारतं : एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा कशी? राज्यघटनेच्या कलम २० मध्ये तर त्याला मनाई आहे. प्रश्न चांगला आहे. उत्तर असं, की पहिल्यांदा शिक्षा दिलेलीच नव्हती. ती राखून ठेवली होती. आता दिली तर ती पहिलीच.

तिसरी गोष्ट : नवी केस निकाली निघेपर्यंत जुनं कोर्ट थांबेलच असं नाही. अट मोडली हे ठरवायला नव्या केसमध्ये दोषी ठरलंच पाहिजे असं कलम ९ कुठं म्हणत नाही. कोर्ट स्वतः बघून ठरवू शकतं. बाँडच्या इतर अटीही असतात. दारू प्यायची नाही अशी अट असेल आणि मिरवणुकीत पिऊन सापडलात, तर मारामारी सिद्ध होवो न होवो, अट मोडलीच.

चौथी गोष्ट : शिक्षा झाली नाही तरी अटी कडक होऊ शकतात. कलम ८ प्रमाणे प्रोबेशन अधिकाऱ्याच्या अर्जावरून कोर्ट नव्या अटी घालू शकतं, मुदत वाढवू शकतं. पण मूळ आदेशापासून तीन वर्षांच्या पुढे नाही, आणि तुमचं व जामीनदाराचं ऐकल्याशिवाय नाही. हेच कलम उलटही चालतं. वागणं चांगलं असेल तर अधिकाऱ्याच्या अर्जावरून बाँड मुदतीआधी संपवता येतो. हे फार कमी जणांना माहीत असतं.

पाचवी गोष्ट : नव्या केसमध्ये पुन्हा सवलत मिळणं अवघड होतं. कलम ३ ची समज मिळत नाही, कारण आधीचा प्रोबेशनचा आदेश तिथं मागची दोषसिद्धी म्हणूनच धरला जातो. कलम ४ चा दरवाजा कायद्याने बंद नाही, पण न्यायाधीश म्हणणारच की एकदा विश्वास टाकून बघितला. जामिनाच्या वेळीही जुनी नोंद समोर येते. आणि दोन्ही गुन्ह्यांत शिक्षा झाली तर त्या एकीमागून एक भोगायच्या असतात, कोर्टाने एकत्र भोगायला सांगितलं तरच एकत्र.

आता "गुन्हा कबूल कर आणि मोकळा हो" या सल्ल्याकडे येऊ. ज्याच्या मागे काही नाही त्याला कदाचित हा सल्ला परवडेल. प्रोबेशनवरच्या माणसाला मात्र तो बुडवू शकतो. एफआयआर हा आरोप असतो. तुम्ही कोर्टात उभं राहून "गुन्हा कबूल" म्हणालात की आरोप राहत नाही, ती दोषसिद्धी होते. दंड हजार रुपये असो नाहीतर शंभर. मग जुन्या कोर्टात तुमचा वकील काय सांगणार? "माझ्या अशिलाने काही केलं नाही" असं म्हणायची सोयच तुम्ही ठेवलेली नसते. बाँड मोडल्याचा पुरावा तुम्ही स्वतःच्या सहीने दिलेला असतो, तोही तारखांचा कंटाळा आला म्हणून.

मी असं म्हणत नाही की केलेलं असेल तरी खोटं बोला. केलं असेल तर काय करायचं हे वकिलाशी बोलून, दोन्ही केसेस त्याच्यापुढे ठेवून ठरवा. पण कंटाळ्याने कबुली देऊ नका. आणि वकिलाला पहिलं वाक्य हे सांगा : "साहेब, मी प्रोबेशनवर आहे." नव्या केसच्या वकिलाला जुनी केस माहीतच नसते. आपण लाजेने सांगत नाही, आणि तो बिचारा कागद बघून सांगतो, किरकोळ आहे, भरून टाक.

आता नोकरीचं बोलू. आपल्याकडे घराघरात भरतीची तयारी चाललेली असते. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच आहे, पहाटे धावणारी पोरं आपण रोज बघतो. कुणी पोलीस, कुणी बँक, कुणी ग्रामपंचायतीला उभं राहायचं म्हणतं. त्यांच्यासाठी या कायद्यातलं सगळ्यात मोलाचं कलम १२ आहे. कलम ३ किंवा ४ खाली ज्याला सोडलं, त्याला दोषसिद्धीमुळे इतर कायद्यांखाली येणारी अपात्रता लागू होत नाही. पण त्याच कलमाला एक परंतुक आहे, आणि आजच्या विषयाची खरी किंमत त्या परंतुकात आहे : नंतर जर मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावली गेली, तर हे संरक्षण जातं. म्हणजे बाँड मोडल्यावर फक्त काही महिन्यांचा तुरुंग पदरात पडतो असं नाही. पुढच्या तीस वर्षांवरची ढालही जाते.

या ढालीची मर्यादाही समजून घ्या. दोषसिद्धी पुसली जात नाही. १९७५ मध्ये दक्षिण रेल्वेच्या चेल्लप्पन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. सरकारी खातं त्या वर्तनाचा विचार करून रीतसर कारवाई करू शकतं. म्हणून पडताळणीच्या फॉर्मवर "कधी गुन्हा दाखल झाला आहे का, दोषी ठरला आहात का" असं विचारलं असेल तर खरं लिहा. माहिती लपवली तर काय, यावर २०१६ चा अवतार सिंग निकाल आहे. गुन्हा किरकोळ असेल तर मालक तिकडे दुर्लक्ष करू शकतो, पण मुद्दाम लपवणं हेच नोकरी जायला कारण होऊ शकतं.

आता जे फक्त आपल्या भागाचं आहे ते बोलतो.

एक, हद्द. आपली पोरं सकाळी चंदगडला, संध्याकाळी बेळगावात. कामाला पुण्याला, गोव्याला. काहींना वाटतं, कर्नाटकातली केस महाराष्ट्रात कोण बघतंय. बघतात. पोलीस ठाणी आता देशभर संगणकाने जोडलेली आहेत. आणि त्याहून मोठी गोष्ट, राहण्याच्या ठिकाणाची अट बाँडमध्ये असू शकते. न सांगता पुण्याला कामाला गेलात तर नवी केस न होताही अट मोडते. काम मिळालं असेल तर आधी प्रोबेशन अधिकाऱ्याला भेटा. कामासाठी अट बदलून मिळू शकते, पण आधी विचारलं तर.

दोन, भाषा. आमच्या त्या मुलाच्या बाँडचा कागद कन्नडमध्ये होता. त्याला कन्नड बोलता येतं, बाजारापुरतं. वाचता येत नाही. त्याने सही केली होती आणि कागद कपाटात ठेवला होता. चौदा महिने! वकिलांनी वाचून दाखवला तेव्हा त्याला कळलं की मुक्काम बदलायचा तर आधी कळवायचं होतं. नशीब, तो कुठं गेला नव्हता. इथलं कोर्ट कन्नडमध्ये चालतं, बडोद्यात गुजरातीत, इंदूरात हिंदीत. त्याबद्दल आपलं काय म्हणणं आहे ते आपण दुसऱ्या व्यासपीठावर मांडतो. पण तोपर्यंत न समजलेल्या कागदावर सही करणं आपल्याला परवडणारं नाही. आणि कायदा इथं आपल्या बाजूने आहे. देखरेखीचा आदेश देताना त्याच्या अटी समजावून सांगायच्या आणि एक प्रत तुम्हाला, एक जामीनदाराला द्यायची, हे कलम ४ मध्येच कोर्टावर बंधन आहे. साक्षीपुरावा आरोपीला न कळणाऱ्या भाषेत चालला असेल तर तो त्याला कळणाऱ्या भाषेत उलगडून सांगायचा, हे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३१४ सांगतं. "मला समजलं नाही, मराठीत सांगा," हे कोर्टात म्हणणं उद्धटपणा नाही. तो हक्क आहे. नम्रपणे म्हणा, पण म्हणा.

तीन, आंदोलन. इथं बसलेल्यांपैकी काहींवर जमावबंदीच्या, रास्ता रोकोच्या केसेस आहेत. ज्याच्या नावावर प्रोबेशनचा बाँड आहे, त्याला मोर्चात पुढच्या रांगेत उभं करताना नेत्यांनी विचार करायला हवा. त्याच्यासाठी तीच केस वेगळी असते. इतर दहाजण जामिनावर सुटतील, त्याची जुनी फाईल उघडेल. त्याला घरी बसवा असं म्हणत नाही. सभेला येणं, लिहिणं, अर्ज करणं हा त्याचाही हक्क आहे. पण त्याच्या गळ्यात काय अडकलंय हे माहीत असताना त्याला ढकलू नका. घोषणा सगळ्यांनी द्यायच्या आणि शिक्षा एकट्याने भोगायची, हे बरोबर नाही.

आता घरी जाताना लक्षात ठेवायचं थोडक्यात सांगतो.

बाँडची प्रत आजच शोधा. समजत नसेल तर वाचून घ्या. मुदत कधी संपते ती तारीख मोबाईलमध्ये लिहून ठेवा.

नवी केस पडली तर पहिल्याच दिवशी वकिलाला दोन्ही केसेस सांगा. वकिलाशी बोलण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २२ ने दिलाय.

वकिलाच्या सल्ल्याने प्रोबेशन अधिकाऱ्याला स्वतः कळवा. त्याला पोलिसांकडून कळणं आणि तुमच्याकडून कळणं यात फार फरक आहे. केस पडली आहे एवढं सांगायचं. काय घडलं याचा जबाब वकिलाला विचारल्याशिवाय लिहून द्यायचा नाही.

जामीनदाराला अंधारात ठेवू नका. समन्स त्यालाही येतं, बाँडची रक्कम त्याच्याकडून वसूल होऊ शकते. काकाने विश्वासाने सही केलेली असते.

समन्स चुकवू नका. समन्स चुकवलं की वॉरंट निघतं, आणि वॉरंटवर धरून आणलेल्या माणसाची बाजू आधीच अर्धी पडलेली असते.

पैसे नाहीत म्हणून वकिलाशिवाय उभं राहू नका. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याला समिती असते. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना, कोठडीतल्या माणसाला आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळतो. हेल्पलाइनचा नंबर १५१००.

आता त्या मुलाचं काय झालं ते सांगून थांबतो.

त्याने दंड भरला नाही. गुन्हा नाकबूल केला. दुसऱ्या दिवशी तो आणि काका प्रोबेशन अधिकाऱ्यांकडे गेले. अधिकारी रागावले, "मिरवणुकीत पुढं जायचं काय कारण होतं?" म्हणाले. पण अहवालात त्यांनी लिहिलं की मुलगा आपणहून आला, चौदा महिन्यांत एकही हजेरी चुकवलेली नाही, कामावर नियमित आहे. वर्कशॉपच्या मालकांनी हजेरीपटाची प्रत दिली. जुन्या कोर्टाने बोलावलं, दोघांचं ऐकलं. न्यायाधीशांनी सांगितलं की आत्ता समोर आहे त्यावरून अट मोडली असं म्हणता येत नाही, बाँड चालू राहील. नवी केस अजून सुरू आहे. तारखा पडतात, त्या दिवशीची मजुरी बुडते. कुरकुरतो, पण जातो. बाँड संपायला दोन महिने उरलेत.

गेल्या आठवड्यात मी त्याला विचारलं, "तुझ्याबद्दल बोलू काय सभेत?" थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बोल. पण एवढं सांग की, मी त्या दिवशी भरायलाच निघालो होतो. खिशात पैसे होते."

म्हणून सांगितलं.